चाळून टाकलेलं वारं

९ एप्रिल

दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या दाढा झिजल्यात. झोपेत दात खाता तुम्ही. एवढा राग कुणाचा येतो?"

मी म्हटलं, "यादी मोठी आहे."

त्या हसल्या आणि म्हणाल्या, रोज थोडं लिहून काढत जा, मन मोकळं होईल. मला मन मोकळं करायचं नाहीये, दाढा वाचवायच्या आहेत. म्हणून ही वही.

तर आजचा राग. सकाळी बैठक होती. आमचे साहेब बोलताना मधेमधे ओठ चाटतात. नवीन पाहुणे येणार असले की जास्तच. पुढच्या महिन्यात आमच्या केंद्रात मोठे पाहुणे यायचेत आणि त्यांना माझी प्रणाली दाखवायची आहे. साहेब तिला 'आपली प्रणाली' म्हणतात. गेली तीन वर्षं ती माझी एकटीची होती, तेव्हा त्यांना तिचं नावही धड घेता येत नव्हतं.

आमचं काम म्हणजे हवामानाचे इशारे देणं. आजवर आम्ही काय सांगायचो? 'दुपारनंतर तुरळक ठिकाणी गडगडाटासह पाऊस पडण्याची शक्यता.' तुरळक ठिकाणी म्हणजे कुठे? दुपारनंतर म्हणजे कधी? असलं गुळमुळीत वाक्य लिहायला पगार घ्यायची लाज वाटायची मला. रडार बिचारं दर पाच-सहा मिनिटांनी सगळं आकाश चाचपून सांगतं, कुठला ढग कुठे आहे, किती भरलाय, कुठे सरकतोय. आणि आम्ही ते बघून 'तुरळक ठिकाणी' लिहायचो! माझी प्रणाली एकेका ढगाचा माग काढते आणि पुढच्या तासाभरात तो कुठल्या वस्तीवर जाणार ते सांगते. फोनवरच्या नकाशात तुमची गल्ली लाल झाली तर आत जा, हिरवी असेल तर खुशाल कपडे वाळत घाला.

साहेब म्हणाले, "मॅडम, सगळं उत्तम आहे. फक्त चित्र जरा घाण दिसतं."

तेवढं मात्र खरं बोलले.

१२ एप्रिल

चित्र घाण दिसतं कारण रडारला भेदभाव कळत नाही. पावसाचा थेंब, पाखरांचा थवा, धूळ, किडे, उंच इमारती, ज्याच्यावर लहर आपटेल त्याचा ठिपका पडद्यावर. कडेकडेनं नुसती पुरळ उठल्यासारखी. बघवत नाही.

चार दिवस बसून मी चाळणी लिहिली. जे फिकं आहे, जमिनीलगत आहे आणि पाऊस नाही, ते सगळं गाळून टाकायचं. आज चालवून पाहिली. धुतलेल्या ताटासारखं चित्र! फक्त ढग, स्वच्छ कडांचे. साहेबांनी टाळी वाजवली.

गोगलगाय खुर्ची ओढत आली. (ही आमची सगळ्यात जुनी हवामानतज्ज्ञ. नाव तिला मी ठेवलंय, मनातल्या मनात. सगळं सावकाश. बशीत चहा ओतून फुर्र करत पिते, वाक्य अर्ध्यावर सोडून चष्मा पुसते.) तिनं बराच वेळ पडद्याकडे पाहिलं.

"फारच स्वच्छ झालंय गं," ती म्हणाली.

"मग? घाण बरी होती?"

"नाही, तसं नाही..." आणि चष्मा पुसायला लागली.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली की माणसाला दुसऱ्याचं काही चांगलं झालेलं सोसत नसावं.

१५ एप्रिल

आज रविवार. दादा आणि वहिनी जेवायला आले होते. दादा टॉवर क्रेन चालवतो. नव्या रुग्णालयाची इमारत उठतेय, तिथल्या सगळ्यात उंच क्रेनवर. सकाळी शिडीनं वर जातो, तिथंच त्या काचेच्या खोक्यात डबा खातो, संध्याकाळी उतरतो. वर असताना वीज आणि वारं हे त्याचे दोन वैरी.

"चिमे, तुझा नकाशा लाल झाला की मी लगेच खाली येतो," तो म्हणाला. "बाकीचे हसतात. मुकादम म्हणतो, बहिणीचा फोन आला वाटतं."

"हसू देत. तू येत जा."

"येतोच ना. पूर्वी मी आपलं बाहेर बघायचो, वाऱ्याचा अंदाज घ्यायचो. आता तुझं आहे म्हटल्यावर बघायची गरजच नाही. हिरवं म्हणजे हिरवं."

मला इतकं बरं वाटलं! अख्ख्या घराण्यात माझं काम कुणाला कळत नव्हतं. आई जाईपर्यंत शेजारणींना सांगायची, आमची मुलगी टीव्हीवर पाऊस सांगते.

वहिनी मात्र ताट उचलताना म्हणाली, "वन्सं, त्यांना बाहेर बघायचं बंद करू नका हो."

वहिनीला सगळ्यातच खोट काढायची सवय आहे.

२१ एप्रिल

आज जिंकले! भाजी बाजारावर ढग फुटला. माझ्या नकाशानं पाऊण तास आधी बाजार लाल केला होता. विक्रेत्यांनी माल झाकला, माणसं दुकानांत शिरली, वीज रिकाम्या ओट्यांवर पडली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांचा हात ओला होता, शी.

एकच मिठाचा खडा. शहराच्या दुसऱ्या टोकाला, ढगापासून लांब, जत्रेच्या मैदानात एक मोठी जाहिरातीची पाटी वाऱ्यानं उडून एका गाडीवर पडली. गाडीत कोणी नव्हतं. संध्याकाळी एका पत्रकाराचा फोन आला, "तिथं नकाशा हिरवा होता, असं कसं?"

मी म्हटलं, "तिथं पाऊसच पडला नाही."

"पण वारा?"

"आम्ही वादळ सांगतो. वादळ तिथं नव्हतं."

लोकांना नावं ठेवायला काहीतरी लागतंच. बाजारातली माणसं वाचली त्याबद्दल एक ओळ छापणार नाही, पाटीचा फोटो मात्र चार रकाने.

गोगलगायीनं आजची कच्ची चित्रं मागितली. चाळणीआधीची. म्हटलं, घ्या, कचरा चिवडायची हौस असेल तर.

२ मे

किळस आली मला या लोकांची.

परवा आणि काल दोनदा नकाशा लाल झाला आणि ढग येता येता विरून गेला. असं होतं. ढग म्हणजे काही वेळापत्रकानं धावणारी गाडी नाही. पण बांधकामवाल्यांच्या संघटनेनं साहेबांना गाठलं. काम बंद ठेवलं, माणसं बसून राहिली, जबाबदार कोण? साहेबांनी माझी बाजू घ्यायला हवी होती. त्यांनी काय केलं? शेपूट घातलं. आता म्हणे लाल रंग द्यायचा तर प्रणालीची खात्री आणखी वाढली पाहिजे, आणि इशारा बाहेर जाण्याआधी साहेबांची सही हवी. म्हणजे ढग येऊन, बरसून, निघून जाईल, तोवर साहेब जेवणाच्या सुट्टीवरून परतलेले असतील.

मी भांडले. तोंडाला फेस येईपर्यंत भांडले. ते हसत म्हणाले, "मॅडम, पाहुणे येईपर्यंत तरी चुका नकोत. तुमच्याच भल्याचं आहे."

भल्याचं! ओठ चाटत म्हणाले.

गोगलगाय बैठकीत मिठाची गुळणी धरून बसली होती. बाहेर आल्यावर मला म्हणते, "मला जरा वेगळंच बोलायचंय तुझ्याशी. ती पाटीच्या दिवसाची चित्रं..."

"मॅडम, आज नको."

"बरं. मग तू म्हणशील तेव्हा."

३ मे

तिनं माझ्या टेबलावर कागद ठेवलाय. चित्राची छापील प्रत आहे, त्यावर पेन्सिलीनं एक गोल. मी त्यावर चहाचा कप ठेवला. मुद्दाम नाही, जागाच नव्हती.

८ मे

आज दुपारी काय झालं ते सरळ लिहिते.

जेवणानंतर नैर्ऋत्येला एक ढग वाढला. मोठा, उंच, पण शहरापासून लांब, आणि सरकत होता उलट्या दिशेला. नकाशा सगळा हिरवा. मी पाहुण्यांसाठीच्या भाषणाची चित्रं लावत होते. ड्यूटीवर गोगलगाय होती. तिच्या पडद्यावर कच्चं चित्र लावलेलं होतं, हे मला दिसलं आणि माझ्या कपाळावर आठी पडली.

ती एकदम उभी राहिली. ती उभी राहिलेली मी कधी पाहिलीच नव्हती.

"अगं, इकडे ये. ही रेघ बघ."

ढगाच्या अलीकडे, आमच्या बाजूला, ढगापासून चांगलीच लांब, एक बारीक फिकट रेघ होती. केसाएवढी. धनुष्यासारखी वाकलेली.

"किडे आहेत," मी म्हटलं.

"हो, किडेच आहेत. आणि धूळ. पण ते रांगेत का आलेत?"

पुढचं चित्र आलं. रेघ शहराकडे सरकली होती. ढग उलट दिशेला जात होता आणि रेघ आमच्याकडे येत होती. आणि मला कळलं. मला ते पहिल्या वर्षाच्या पुस्तकापासून माहीत होतं. ढगातून पावसाबरोबर गार हवा धाडकन खाली कोसळते, जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि ढगाला सोडून लांब धावत सुटते. तिच्या तोंडाशी किडे, धूळ, पालापाचोळा लोटला जातो. वारा रडारला दिसत नाही. त्यानं ढकललेला कचरा दिसतो.

आणि तो कचरा माझी चाळणी रोज नीट गाळून टाकत होती.

रेघ रुग्णालयाच्या बांधकामाच्या अगदी अलीकडे होती.

मी दादाला फोन लावला. वाजत राहिला. क्रेनला ओझं लटकत असताना दादा फोन उचलत नाही, तसा नियमच आहे. मुकादमाला लावला. तो म्हणाला, "ताई, तुमच्याच नकाशावर हिरवं दिसतंय की."

"तो नकाशा चुकलाय! थांबवा त्याला!"

"थांबा, वरच्यांना विचारतो."

मागे गोगलगाय एका हातानं टाइप करत होती आणि दुसऱ्या हातानं साहेबांना फोन लावत होती. साहेब उचलत नव्हते. तिनं फोन ठेवून दिला आणि इशारा पाठवला. सही नाही, परवानगी नाही, खाली स्वतःचं नाव. 'कोरडा, जोरदार वारा येतोय. उंचावरची कामं ताबडतोब थांबवा. मैदानं रिकामी करा.'

मग आमच्या खिडक्या वाजल्या.

दादा वाचला. त्यानं फिरण्याचा ब्रेक सोडून दिला, त्यामुळे क्रेनचा लांब हात वाऱ्याबरोबर मोकळा फिरला आणि क्रेन उभी राहिली. पण लटकणारा सळ्यांचा गठ्ठा झोका खाऊन खाली आदळला. खाली उभं राहून दादाला इशारे देणारा माणूस होता, त्याच्या पायावर. अकरा वर्षं ते दोघं जोडीनं काम करतात.

१० मे

त्या माणसाचा पाय गुडघ्याखाली काढला.

दादा रोज रुग्णालयात त्याच्यापाशी जाऊन बसतो. मीही आज गेले होते. वॉर्डाच्या दारापर्यंत. जंतुनाशकाचा वास मला अजिबात सहन होत नाही, मळमळायला लागलं, म्हणून आत गेले नाही. दारातून त्याची बायको दिसली, मोसंबी सोलत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. ओळखत नसावी. मी जिन्यानं उतरले. तो वास फारच वाईट होता, घरी येऊन दोनदा अंघोळ केली तरी जात नाही.

दादा काहीच बोलत नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. वहिनी फोनवर म्हणाली, "वन्सं, जेवलात का?" बाकी एक शब्द नाही. इतका राग आला मला.

१४ मे

गोगलगायीला कारणे दाखवा नोटीस निघाली. वरिष्ठांच्या परवानगीशिवाय इशारा दिला म्हणून! तिच्या इशाऱ्यामुळे एका शाळेनं खेळाचं मैदान रिकामं केलं होतं, तिथं झाड पडलं. तलावावरच्या नावा किनाऱ्याला लागल्या होत्या. याबद्दल नोटिशीत काही नाही.

तिनं उत्तर लिहून मला वाचायला दिलं. 'पडद्यावरची रेषा ओळखण्यास उशीर झाला. त्या वेळी कामावर मी होते.' बस. माझ्या चाळणीचा उल्लेख नाही. पेन्सिलीच्या गोलाचा नाही. त्या कागदावर कप कुणी ठेवला, तेही नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मॅडम, हे काय आहे? मी कुणी नाहीच का या सगळ्यात?"

ती चष्मा पुसत म्हणाली, "तुला अजून वीस वर्षं इथं काढायचीत. माझी दोन राहिलीत."

म्हणजे काय? माझं काम इतकं क्षुल्लक, की त्यातली चूकसुद्धा माझ्या नावावर नको? दुसऱ्याच्या कामावर डल्ला मारायची ही कुठली पद्धत? मला तिचा चहा पिण्याचा आवाज आधीच सोसत नव्हता, आता तीही सोसवत नाही.

१६ मे

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला, दार लावून घेतलं. तेव्हाच ओळखलं.

टेबलावर अपघाताच्या चौकशी समितीसाठी अहवाल तयार होता. 'दुर्घटनेच्या ठिकाणी पावसाची नोंद नाही. वादळ त्या भागात नव्हते. सबब घटना प्रणालीच्या कक्षेबाहेरची आहे.' खाली माझ्या सहीची जागा.

"तांत्रिकदृष्ट्या यात खोटं काय आहे, मॅडम?" साहेब म्हणाले. "तिथं पाऊसच पडला नाही."

पत्रकाराला मी दिलेलं वाक्य. जसंच्या तसं. माझ्या तोंडात असताना ते इतकं घाणेरडं लागलं नव्हतं. त्यांच्या ओल्या ओठांवरून आलं तेव्हा लागलं.

"सही झाली की पाहुण्यांचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे. प्रकल्पप्रमुख म्हणून तुमचंच नाव जाहीर करतोय."

"आणि मॅडमची नोटीस?"

"त्यांचं काय, त्या तशाही जाणारच आहेत."

मी म्हटलं, विचार करून सांगते. चहा तसाच ठेवला.

१८ मे

चौकशी समितीपुढे आज दुपारी मी गेले. सही केली नव्हती. साहेबांना वाटलं, समितीसमोरच करणार असेन. माझ्यासाठी खुर्चीसुद्धा ओढून दिली.

भिंतीवर मी दोन चित्रं लावली. एकाच मिनिटाची. डावीकडे चाळणीतून आलेलं स्वच्छ, उजवीकडे कच्चं. समितीत एक म्हातारे इंजिनिअर होते, ते खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले. उजवीकडच्या रेघेवर त्यांनी बोट ठेवलं आणि मग डावीकडे त्याच जागी ठेवलं.

"इथं ही का नाही?"

"चाळणीनं काढली."

"चाळणी कुणाची?"

"माझी. चित्र सुबक दिसावं म्हणून लिहिली."

"म्हणजे तुम्ही वारं पुसून टाकलंत?"

साहेब मधे पडले, "सर, ते इतकं सोपं नसतं, तांत्रिक बाब आहे..."

"सोपंच आहे," मी म्हटलं. "पुसून टाकलं. जाहिरातीची पाटी पडली त्या दिवशीही ही रेघ होती. ज्यांना नोटीस दिलीत, त्या मॅडमना ती सापडली होती. त्यांनी मला कागद दिला होता. मी पाहिला नाही. आणि इशारा सहीसाठी थांबवायचा हा नियम पाळला असता, तर शाळेतली मुलं आज या चौकशीच्या कागदांत असती."

साहेबांनी ओठ चाटले नाहीत, पहिल्यांदाच. मला वाटलं होतं, हे बोलून टाकलं की हलकं वाटेल. काडीचं वाटलं नाही.

गोगलगाय बाहेर, उघड्या दाराशी बाकावर बसली होती. मला म्हणाली, "कशाला गं बोललीस?" आणि तिच्या डोळ्यांत पाणी. आता यात रडण्यासारखं काय होतं?

२९ मे

पाहुणे आले आणि गेले. साहेब जागचे हलले नाहीत. समितीनं त्यांना 'अधिक दक्षता बाळगण्याची सूचना' दिली. ते सूचनेचं पत्र फ्रेम करून लावतील असले आहेत. पाहुण्यांच्या पुस्तिकेत मुखपृष्ठावर माझं स्वच्छ चित्र आहे. माझं नाव नाही. त्या चित्राकडे आता बघवत नाही मला, मेकअप केलेल्या प्रेतासारखं दिसतं.

प्रकल्प माझ्याकडून काढून घेतला. गोगलगायीची नोटीस मागे घेतली. सहीची अट मात्र गेली, जो कामावर असेल त्यानंच इशारा द्यायचा. आणि मला टाकलंय पाळीच्या कामावर, तिच्या शेजारच्या खुर्चीत. शिक्षा म्हणून.

चाळणी बदललीय. आता ती रेघा गाळत नाही, उलट शोधून दाखवते. पण चुकते फार. पाखरांच्या थव्यालाही वारा समजते. म्हणून मी आणि गोगलगाय एकेक रेघ डोळ्यांनी तपासतो. ती सावकाश बघते, दहा-दहा चित्रं मागेपुढे करते. मला धीर धरवत नाही, पण आज तिनं बरोबर सांगितलं आणि मी चुकले. उद्या मी तिच्यासाठी बशी आणणार आहे, जाड, आवाज न करणारी. चार पैसे जास्त पडले तरी चालतील, कान वाचतील.

२ जून

रुग्णालयात गेले. आत गेले. तो माणूस जागा होता. मी कोण ते सांगितलं. काय बोलावं ते ठरवून गेले होते, त्यातलं एक वाक्य आठवेना.

तो म्हणाला, "तुमचा भाऊ म्हणतो, तो परत वर जाणार नाही. त्याला सांगा, खालून इशारे द्यायला मीच येणार आहे. नवीन पाय बसवला की. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर त्याला वर पाठवणार नाही मी."

बायकोनं मला मोसंबी दिली. खाल्ली. आंबट होती.

दादाला निरोप सांगितला. तो म्हणाला, "त्याला म्हणावं, आधी चालून दाखव." आणि नाक शिंकरलं.

११ जून

आज कामावर मी एकटीच होते, गोगलगाय डोळे तपासायला गेली होती. दुपारी ढग वाढला आणि त्याच्यापुढे रेघ निघाली. पाखरं नव्हती ती. मी तीनदा पाहिलं, तिच्यासारखं मागेपुढे करून. मग इशारा पाठवला. खाली माझं नाव.

शहरभर कामं थांबली. बाजार झाकला गेला. माणसं वाट बघत बसली.

आणि रेघ शहराच्या वेशीवर येऊन विस्कटली. गेली. झाडाचं पानसुद्धा हललं नाही.

तासाभरात फोन सुरू झाले. एका बांधकामाच्या मालकानं तर अशा शिव्या घातल्या, की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला. तरी ऐकू येत होत्या.

"कुठंय तुमचं वारं?" तो ओरडला.

"नाही आलं."

"मग? पुढं काय?"

"पुढं काही नाही. उद्या परत रेघ दिसली, तर परत पाठवीन."

"म्हणजे आम्ही परत माणसं खाली उतरवायची?"

"हो," मी म्हटलं. "परत उतरवायची."

त्यानं फोन आपटला. दुसरा लगेच वाजला. मी उचलला.